जावेला न दिसलेला ढग

माझी धाकटी जाऊ विषारी वायूच्या ढगात सरळ चालत गेली आणि मेली. हे सगळं संगणकाच्या पडद्यावर झालं, म्हणून त्याच संध्याकाळी ती स्कूटीवरून कर्जतला माझ्या घरी भांडायला येऊ शकली.

"वयनी, ढग नव्हताच," चप्पल काढायच्या आधीच ती म्हणाली.

ती मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात पॅकिंगला आहे. पावडरीची पोती शिवणाच्या मशीनखाली सरकवत राहायची, पाळीभर, उभ्याने. यंदा कारखान्याने कामगारांमधूनच सुरक्षा प्रशिक्षक निवडायचं ठरवलं. प्रशिक्षकाला खुर्ची मिळते, पंख्याखालची खोली मिळते आणि लोकांवर ओरडण्याचा अधिकार मिळतो. शेवटचं काम जाऊ लग्न होऊन आली तेव्हापासून बिनअधिकाराने करते आहे. त्यामुळे तिची निवड होणार याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती.

परीक्षा संगणकावर होती. पडद्यावर हुबेहूब कारखाना दिसतो, हातात दांडा असतो, दांडा हलवला की आपण कारखान्यात चालायला लागतो. चालता चालता कुठेतरी पाइप फुटलेला असतो आणि त्यातून हिरवट ढग येत असतो. तो दिसला की थांबायचं, वारा कुठला आहे ते बघायचं, आडव्या दिशेने बाहेर पडायचं आणि भोंग्याचं बटण दाबायचं. परीक्षक म्हणजे तिथले सुरक्षा अधिकारी. ते समोरच्या टेबलावर बसतात आणि त्यांच्या पडद्यावर फक्त नकाशा असतो. त्यावर परीक्षार्थी म्हणजे एक ठिपका आणि ढग म्हणजे एक गोल. जावेचा ठिपका गोलात शिरला, मध्यावर पोहोचला आणि तिच्या पडद्यावर अक्षरं आली : आपला मृत्यू झाला आहे. "आपला" म्हटलं होतं, हे तिने खास सांगितलं.

"बाकीच्यांना दिसला का?" मी विचारलं.

"सगळ्यांना दिसला म्हणं. सगळे थांबले, सगळे पास. मी एकटीच मेले. साहेब म्हणाला, बाई, लक्ष कुठं हाय तुमचं? मी म्हटलं, साहेब, मी काय आंधळी हाय का? तर म्हणाला, दिवाळीच्या आधी सोमवारी एकदा परत द्या. तेव्हा पन नापास झालात तर पॅकिंगला परत जा."

"मग नीट बघ सोमवारी."

"काय बघू? नसलेला ढग?"

आतून सासूबाईंनी सुनावलं, "रस्त्यात म्हस दिसंना हिला, गेल्या साली स्कूटी घातली होती तिच्या अंगावर."

"आई, ती म्हस आली होती माझ्या अंगावर!"

माझा जावेवर विश्वास बसला. प्रेमापोटी नव्हे. शेजारणीच्या कुकरची रिंग सैल झाल्याचं ही बाई भिंतीपलीकडून ओळखते. कोणाच्या घरी काय आलं, कोण आलं, येताना काय आणलं आणि ते पिशवीत का झाकलं होतं, हे सगळं तिला दिसतं. खोलीभर पसरलेला हिरवा ढग तिला दिसला नाही, तर तो तिथे नसणार.

शिवाय हे माझ्या धंद्यातलं दुखणं आहे. मी बिल्डर लोकांसाठी संगणकावर घरं बांधते. शेलूला, नेरळला ज्या इमारतींचा अजून पायाही खणलेला नसतो, त्यांच्या बैठकीच्या खोलीतून गिऱ्हाइकाला मी फिरवून आणते. खिडकीतून जो डोंगर दिसतो तो मी लावलेला असतो. एकच चांगला डोंगर आहे माझ्याकडे, तो सगळ्यांना पुरतो. आता माझ्या संगणकावर सगळं ठीक दिसतं आणि बिल्डरच्या ऑफिसात गेलं की सोफा गायब होतो, किंवा छत काळं पडतं. बिल्डर फोन करून विचारतो, "मॅडम, बाथरूमला भिंत नाहीये, तुमची आयडिया आहे का?" अशा वेळी काय बिघडलं ते शोधायला एक हत्यार असतं.

ते हत्यार पडद्यावरचं एक चित्र पकडतं आणि मग ते चित्र कसं काढलं गेलं ते एकेक पायरीने पुन्हा दाखवतं. आधी जमीन, मग भिंती, मग खिडकी, मग डोंगर. रांगोळी काढून झाल्यावर पहिल्या ठिपक्यापासून परत बघता आली तर जसं होईल, तसं. कुठल्या पायरीला सोफा यायला हवा होता आणि आला नाही, ते तिथे कळतं. त्यासाठी ज्या संगणकावर बिघाड दिसतो त्याच संगणकावर ते चालवावं लागतं. माझ्या घरी बसून जावेचा ढग सापडणार नव्हता.

मी सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन लावला. गृहस्थ सभ्य होते आणि थकलेले होते.

"मॅडम, मी हा प्रोग्राम बनवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणतात आमच्याकडे ढग दिसतो."

"त्यांच्याकडे दिसणारच. तुमच्याकडे दिसतो का?"

"बाकीच्यांना दिसला ना."

"तुम्हाला दिसला का?"

"मला नकाशा दिसतो," ते म्हणाले. "पुरावा असेल तर आणा. शनिवारी प्रशिक्षणाची खोली रिकामी असते. पण एक आहे. बाहेरचा तयार प्रोग्राम आमच्या संगणकावर चढवता येत नाही. आमच्या संगणकवाल्यांचा नियम आहे. सोर्स कोड आणा, ते पेनड्राइव्ह तपासतील, आणि इथेच बसून बांधा. तिथे इंटरनेट नाही. आणि संगणकावर विंडोज नाही, लिनक्स आहे."

म्हणजे तयार चकली गेटमधून आत न्यायला बंदी, भाजणी न्यायला परवानगी, आणि तेल, कढई, सोऱ्या सगळं आपलं आपण घेऊन जायचं. मी हे हत्यार कित्येक वर्षं वापरत होते, पण तयारच वापरत होते. स्वतः कधी बांधलं नव्हतं. शनिवारी परक्या खोलीत, परक्या माणसासमोर पहिल्यांदा करून बघण्यापेक्षा आधी घरी सराव करावा असं ठरवलं.

पहिला मान माझ्या कामाच्या विंडोजला. तिथे काही सांगण्यासारखं घडलं नाही. सोर्स उतरवला, बांधणीचा प्रोग्राम उघडला, त्याने विचारलं की हे जरा जुन्या पद्धतीने लिहिलेलं आहे, नव्याने करून घेऊ का. हो म्हटलं. बटण दाबलं आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर झालेलं. मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी लोक कपाळावर आठ्या घालून बसतात?

मग मी मॅककडे वळले, आणि ही चूक होती. मॅक माझ्या नवऱ्याचा. त्याचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे आणि तुळशीचं लग्न झालं की त्याचा हंगाम सुरू होतो. माझा हिशेब असा की मॅक आणि लिनक्स आतून एकमेकांचे चुलत भाऊ आहेत, तेव्हा इथे जमलं की तिथे जमेल. हे हत्यार बनवणाऱ्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं की मॅकवरची बांधणी ही हौशी लोकांसाठी आहे, त्यातून कामाची अपेक्षा करू नये. मी ते वाचलं आणि पुढे गेले. आयुष्यात इतक्या सूचना वाचून पुढे गेले आहे की एकीने काय होतंय.

"त्याला हात लावू नकोस," नवरा म्हणाला. "त्यात पळसदरीचं प्री-वेडिंग आहे. धरणावरचं. व्हिडिओची फाइल बाहेर निघतेय."

"निघू दे. मी बाजूला बसून करते."

बांधणी लवकर व्हावी म्हणून मी संगणकाला सांगितलं, आहे नाही ती सगळी ताकद इकडे लाव. त्याने लावली. पंखा असा सुरू झाला की सासूबाई देवघरातून बघायला आल्या, मिक्सर कोणी चालू ठेवला म्हणून. थोड्या वेळाने नवऱ्याचा आवाज आला. शांत होता, म्हणून जास्त वाईट.

"नवऱ्यामुलाने नवरीला उचललंय."

"मग?"

"तिथेच अडकलाय. अर्धा तास झाला. खाली ठेवत नाहीये."

"दम आहे पोरात."

नवरा हसला नाही. हत्यार बांधून झालं, उघडलंही, देखणी खिडकी आली. त्यात चित्र पकडायचं बटण दाबलं की ते नम्रपणे सांगायचं, हे इथे होत नाही. लिहिलेलंच होतं तसं. नवऱ्याला रात्रीचं जेवण त्याच्या आवडीचं करून द्यावं लागलं आणि पळसदरीच्या मुलाने अखेर मुलीला खाली ठेवलं.

तिसरा, लिनक्स. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मी ते मागेच घातलंय. सासूबाई त्याच्यावर मालिका बघतात. त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही, लॅपटॉप पूर्वीपेक्षा सुधारला एवढंच त्या मान्य करतात. लिनक्सचं वागणं सत्यनारायणाच्या गुरुजींसारखं. पूजेला बसल्यावर एकेक मागायचं. सुपारी? आणली. आता जानवं? पळा. मध कुठाय? अमुक नाही म्हणून थांबलो, तमुक नाही म्हणून थांबलो. मी एकेक आणून देत गेले आणि आणलेलं सगळं पेनड्राइव्हवरही ठेवत गेले, कारण कारखान्यात इंटरनेट नव्हतं आणि तिथे पळायला जागा नव्हती.

शेवटी सगळं सामान पोचलं आणि बांधणी सुरू झाली. पडद्यावर टक्के चढायला लागले. लॅपटॉप ओट्यावर, कारण चार्जरचं भोक तिथेच, आणि शेजारी गॅसवर चकल्या.

"किती झालं गं तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"चाळीस टक्के."

"माझा दुसरा घाणा निघाला. तुझं यंत्र आळशी आहे."

"तुमची मालिका त्याच्यावरच बघता."

"मालिकेला कुठं घाई असते."

लिनक्सवर हत्यार बांधून झालं, उघडलं, आणि मी त्यात माझाच शेलूचा एक दिवाणखाना पकडून एकेक पायरी उलगडून बघितली. चोख. सराव संपला. शनिवारसाठी पेनड्राइव्ह भरायला घेतला आणि इथे मी माझ्या स्वयंपाकघराच्या सवयीने वागले. आमच्याकडे वाटण एकच असतं. कांदा, खोबरं, लसूण, भाजून एकदाच वाटायचं आणि त्यातून उसळ, कालवण, भरलं वांगं, सगळं निघतं. तीन वाटणं करणारी बाई वेळ घालवते अशी माझी पक्की समजूत आहे. सोर्स कोड विंडोजवर आधीच उतरवलेला होता, नीट लावलेला होता. तोच पेनड्राइव्हवर घेतला. कोड तोच, मग कुठून का घेईना.

शनिवारी जाऊ मला स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेली. प्रशिक्षणाची खोली कारखान्याच्या वसाहतीत, गेटच्या बाहेर होती. अधिकारी आधीच येऊन बसले होते. संगणक मोठा, काळा, तगडा. दसरा होऊन बरेच दिवस झाले होते तरी त्याच्यावर झेंडूची सुकलेली माळ होती आणि सगळीकडे हळदीकुंकवाची बोटं होती. त्या खोलीत पूजा चांगली झाली होती. प्रिंटरलाही सोडलं नव्हतं.

मी पेनड्राइव्ह लावला आणि बांधणीची पहिली फाइल चालवायला सांगितली. संगणक म्हणाला, अशी फाइल सापडत नाही.

फाइल समोर होती. नाव बरोबर, जागा बरोबर. परत सांगितलं. सापडत नाही.

जावेने खुर्चीवरून वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "ही काय, समोर हाय की!"

"मला दिसतेय गं."

"याला नाय दिसत?"

"नाही."

ती अधिकाऱ्यांकडे वळली. "साहेब, याला पन दिसत नाय. याला पन नापास करा."

साहेबांनी चहा मागवला.

मला घाम फुटला होता आणि तो ऑक्टोबरचा नव्हता. घरी हेच चाललेलं होतं. तेच हत्यार, तोच कोड, लिनक्सही तेच. तोच कोड? घरच्या लॅपटॉपवर मी तो सरळ इंटरनेटवरून घेतला होता. हा विंडोजचा होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. प्रत्येक ओळ संपली की विंडोज तिथे एक जादा खूण ठेवून देतो, डोळ्यांना न दिसणारी. मी कोड उतरवला तेव्हा माझ्याच मशीनवरच्या सोयीने सगळ्या फाइलींमध्ये ती खूण आपोआप घातली होती. लिनक्सला ती खूण समजत नाही, पहिल्या ओळीत मदतीला बोलावलेल्या प्रोग्रामच्या नावाचाच तो तिला भाग समजतो आणि त्या नावाचं काही शोधत बसतो. माझं एकच वाटण श्रीखंडात गेलं होतं.

खूण काढून टाकायला एक ओळ लिहावी लागते. लिहिली. फाइली स्वच्छ झाल्या. बांधणी सुरू झाली, टक्के चढायला लागले आणि या तगड्या संगणकावर ते सासूबाईंच्या घाण्यापेक्षा वेगाने चढले. चहा येईपर्यंत झालं.

"आता चाल," मी जावेला म्हटलं. "परीक्षेत चाललीस तशीच."

ती चालली. टाक्या गेल्या, पाइप गेले, एक लाल शिडी आली. समोर मोकळा, स्वच्छ, निळ्या आभाळाखालचा कारखाना. साहेबांच्या नकाशावर मात्र तिचा ठिपका गोलाच्या कडेला टेकला होता.

"इथंच मेले होते," जाऊ म्हणाली.

मी चित्र पकडलं आणि पायऱ्या उलगडायला लागले. साहेब खुर्ची ओढून जवळ आले. जमीन आली. टाक्या आल्या. पाइप, जिने, वारा दाखवणारी कापडाची नळी, आभाळ. मग एक पायरी आली, तिचं नाव सरळ ढग असंच होतं. ती पायरी झाली आणि पडद्यावर काहीच बदललं नाही.

"म्हणजे ढग काढला?" साहेब म्हणाले.

"काढला. पूर्ण पारदर्शक काढला. काचेपेक्षा पारदर्शक."

मी ती पायरी उघडली. ढगाचा धूर ज्या मोठ्या चित्रातून घ्यायचा, ते चित्रच रिकामं होतं. चित्र काढणाऱ्या चिपने ते फार मोठं आहे म्हणून घ्यायचं नाकारलं होतं, आणि प्रोग्रामने त्याबद्दल कोणाकडे तक्रार केली नव्हती. रिकाम्या चित्रातून रिकामा ढग निघाला आणि आपल्या जागी इमानाने उभा राहिला. मी ती चिप कुठली आहे ते बघितलं. संगणकाच्या आत मुळातच असते ती, साधी, पत्रं लिहायच्या लायकीची.

"शक्य नाही," साहेब म्हणाले. "यात मोठं कार्ड आहे. मी स्वतः मागवलंय, भांडून मागवलंय."

आम्ही तिघांनी संगणक वळवून मागची बाजू बघितली. मोठं कार्ड होतं. त्याच्या सॉकेटात काहीच नव्हतं. पडद्याची वायर वरच्या, साध्या सॉकेटात होती. कार्डाच्या सॉकेटावर कुंकवाचं चांगलं जाड बोट होतं, वाळून घट्ट झालेलं.

"दसऱ्याला वायरी सोडून सगळं पुसलं होतं," जाऊ म्हणाली. "मी पन होते पुसायला."

"आणि वायरी कोणी लावल्या?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांनी."

"कुंकू इथे कोणी लावलं?"

"भारी होतं ना ते, चकचकीत. म्हणून त्याला आधी लावलं. आता कुंकवात वायर कोण खुपसनार, साहेब? वर दुसरं भोक होतं, तिथं बसली."

मला हसू आवरेना. शस्त्रपूजा इतकी मनापासून झाली होती की शस्त्र कामातून गेलं. साहेब मात्र हसत नव्हते. ते नकाशाच्या पडद्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांच्या आणि जावेच्या डोक्यात ते एकाच वेळी आलं, पण जावेचं तोंड जास्त जवळ होतं.

"मंग साहेब, दसऱ्यानंतर बाकीच्यांना ढग कसा दिसला?"

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि दसऱ्यानंतर पास झालेल्यांपैकी एकाला लावला. स्पीकरवर.

"काय रे, परीक्षेत तुला ढग दिसला होता ना?"

"हो साहेब, दिसला ना साहेब."

"कुठल्या रंगाचा होता?"

"पिवळा, साहेब."

"हिरवा असतो रे."

"हिरवाच, साहेब. पिवळट हिरवा. ऊन पडलं होतं ना त्याच्यावर."

जावेने तोंडावर पदर धरला. साहेबांनी आवाज चढवला तसं पलीकडून सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या आधी ज्यांची परीक्षा झाली, त्यांना ढग खरंच दिसला होता. त्यांनी पुढच्यांना सांगून ठेवलं : दुसरी टाकी गेली की लाल शिडी येते, तिथे थांबायचं. मान इकडेतिकडे करायची. मग डावीकडे आणि बटण. पुढच्यांनी ते पाठ केलं आणि पडद्यावर काही असो नसो, लाल शिडीपाशी थांबून घाबरले. एकाने तर नाकाला रुमाल लावला होता. साहेबांनी त्या वेळी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं होतं.

माझ्या जावेला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगायला गेलं की ती सगळ्या पाळीला सांगते, हे सर्वांना माहीत होतं.

फोन ठेवून साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, असं करू. ह्यांना पास करून टाकतो. वायर बदलतो. विषय इथेच संपवू. नाहीतर मला वर सगळं सांगावं लागेल, सगळ्यांची परीक्षा रद्द, परत घ्यायची. दिवाळी तोंडावर आलीय."

मला हे अगदी व्यवहाराचं वाटलं. ज्यासाठी आलो ते मिळत होतं. खुर्ची, पंखा, ओरडण्याचा अधिकार.

"घे गं," मी म्हटलं.

जावेने माझ्याकडे असं बघितलं की मी पेनड्राइव्ह काढण्यात गुंतले.

"साहेब, मला असं पास नको. लोक म्हनतील हिची वयनी आली, मशीनमधी कायतरी केलं आणि हिला पास करून घेऊन गेली. आमच्या पाळीत मला जगू देतील का? आणि उद्या खरंच पाइप फुटला तर? तो काय लाल शिडीच्या बाजूला फुटनार हाय? हे सगळे शिडी शोधत बसतील आणि मी एकटी काय काय बघू?"

"बाई, मला वरून ऐकावं लागेल."

"ऐका की. मी नाय ऐकलं? आंधळी म्हनाले सगळे."

साहेबांनी चहाचा रिकामा कप उचलून बघितला आणि परत ठेवला. "सोमवारी," ते म्हणाले. "सगळ्यांची."

वायर बदलायच्या आधी जावेने त्या सॉकेटाला हात जोडले, मग ओल्या फडक्याने कुंकू पुसून काढलं. मी म्हटलं, नमस्कार कशाला? ती म्हणाली, मशीनला सांगायला नको का? वायर खाली बसली, पडदा चालू झाला, आणि लाल शिडीच्या पलीकडे, जिथे इतके दिवस मोकळं आभाळ होतं, तिथे एक भला मोठा हिरवा ढग आळोखेपिळोखे देत उभा होता. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. चांगला काढला होता. माझ्या डोंगरापेक्षा चांगला.

सोमवारी मी नव्हते, पण जावेकडून सगळं ऐकलं. त्यातलं निम्मं कापलं तरी उरतं ते पुरेसं आहे. साहेबांनी पाइप फुटायची जागा बदलली आणि ते कोणाला सांगितलं नाही. पहिले एक-दोन जण टाक्यांवरून नजर फिरवत गेले, लाल शिडीपाशी थांबले, घाबरले, डावीकडे वळले आणि ढगात शिरले. ढग त्या दिवशी डावीकडे होता. पडद्यावर "आपला मृत्यू झाला आहे" आलं, तेव्हा एकजण म्हणाला, साहेब, मशीन बिघडलंय. रुमालवाल्याने या वेळीही रुमाल लावला आणि रुमालासकट गेला. काही जण खरोखर बघत चालले आणि पास झाले, हेही सांगायला हवं. जाऊ ते सांगायचं गाळत होती, मी खोदून विचारलं.

तिची पाळी आली तेव्हा ती बराच वेळ चाललीच नाही. साहेब म्हणाले, बाई, सुरू करा. ती म्हणाली, आधी वारा बघू द्या. मग निघाली आणि ढग दुरून दिसला तशी थांबली, आडवी फिरली, बाहेर आली आणि भोंगा वाजवला. एवढं करून ती खुर्चीतून उठली आणि रांगेत बसलेल्यांकडे वळून म्हणाली, "हिरवा हाय. पिवळा नाय."

ती पास झाली. ज्यांचं पास रद्द झालं, त्यातले निम्मे तिच्याशी बोलत नाहीत. तिला त्याचं सुख आहे, कारण उरलेल्या निम्म्यांशी बोलायला तिला आता जास्त वेळ मिळतो. देवदिवाळी झाल्यावर तिची पहिली तुकडी सुरू झाली. पोत्यांच्या मशीनवर तिच्या जागी दुसरी बाई उभी असते आणि तिलाही ही खोलीच्या दारातून सूचना देते.

परवा मी तिच्या प्रशिक्षणाच्या खोलीत गेले होते. नवी तुकडी बसायची होती आणि ती साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या खुर्चीत बसून नकाशावर पाइप फुटायची जागा ठरवत होती. साहेब बाजूला उभे होते आणि त्यांनाही ती पडदा दाखवत नव्हती. मी मागून जाऊन वाकून बघायला लागले, तशी तिने पदर पसरून पडदा झाकला.

"अगं, मला दाखव की," मी म्हटलं. "मी काय परकी आहे?"

"वयनी, तुमी परीक्षेला बसनार हाय का?"

"नाही."

"मंग बाहेर बाकावर बसा," ती म्हणाली, "आणि येनाऱ्यांशी बोलू नका."